यंत्राचे वय कोणी ठरवायचे?

२०२५ साली खंडेनवमी १ ऑक्टोबरला आली. ज्या अवजारांवर संसार चालतो त्यांना त्या दिवशी हळदकुंकू लागते, झेंडूची फुले वाहिली जातात. सुताराच्या रंध्यापासून गृहिणीच्या विळीपर्यंत चालत आलेल्या या पूजेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संगणकही येऊन बसला आहे. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला संघकार्याची शंभर वर्षे पूर्ण झाली. आणि त्यानंतर अवघ्या बाराव्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्ट या अमेरिकी कंपनीने आपल्या ‘विंडोज १०’ या प्रणालीची नियमित देखभाल थांबविली. नुकतेच पूजलेले यंत्र एका दिवसात अनाथ झाले. ते बिघडले नव्हते, त्याचा वेग कमी झाला नव्हता. साता समुद्रांपलीकडे एक तारीख ठरली होती, ती उजाडली, एवढेच.

संगणकाचे सुटे भाग आणि आपण त्यावर करतो ती कामे यांच्यामध्ये बसून सारा कारभार पाहणाऱ्या आज्ञावलीला कार्यप्रणाली म्हणतात. तिच्यातील सुरक्षेची भोके वेळोवेळी बुजवावी लागतात. ते काम थांबले की संगणक चालू राहतो, पण दाराला कडी नसलेल्या घरासारखा. नव्या ‘विंडोज ११’कडे जावे, तर तिच्या अटी कडक. सामान्यतः इंटेलचा आठव्या पिढीचा अथवा त्या तोडीचा प्रोसेसर हवा, शिवाय टीपीएम नावाची सुरक्षा-चिप हवी. त्यामुळे २०१६ साली घेतलेला, आजही पत्रे टंकणारा, हिशेब मांडणारा, मुलांना धडे ऐकविणारा संगणक परीक्षेला बसण्यापूर्वीच नापास ठरतो.

कंपनीने हे चोरून केले नाही. तारीख फार आधी जाहीर झाली होती. घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत वर्षभराची मुदतवाढही देऊ केली गेली. आपल्या धंद्याचे गणित मांडण्याचा तिला अधिकार आहे. प्रश्न आपल्या गणिताचा आहे. पैसे आपण मोजले, वीज आपली, टेबल आपले. मग यंत्राच्या निवृत्तीचा आदेश दुसऱ्याच्या सहीने का निघावा?

हा प्रश्न दीपनगरमध्ये विचारून पाहावा. भुसावळच्या औष्णिक विद्युत केंद्राभोवती वसलेल्या या वसाहतीतील माणसांना यंत्राचे वय म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. येथील साडेबासष्ट मेगावॉटचा पहिला संच १९६८ मध्ये सुरू झाला. २१० मेगावॉटचे दोन संच १९७९ आणि १९८२ मध्ये आले. पुढे पाचशे-पाचशे मेगावॉटचे दोन प्रचंड संच उभे राहिले. दरम्यान २००५ मध्ये राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन ‘महानिर्मिती’ आली. फलक बदलले, संच तेच राहिले. १९८२चा तिसरा संच चाळिशी गाठेपर्यंत खानदेशाला आणि राज्याला वीज देत होता. कशाच्या बळावर? नळ्या गळू लागल्या की त्या कापून नव्या जोडल्या जात. टर्बाइन उघडले जाई, पाते न् पाते तपासले जाई, बेअरिंग बदलून पुन्हा बसविले जाई. ‘संच ओव्हरहॉलला घेतला आहे’ हे वाक्य या वसाहतीतील शाळकरी मुलालाही समजते, कारण तेवढे दिवस वडील घरी उशिरा येतात. शेजारी भुसावळला रेल्वेचा विद्युत इंजिनांचा कारखाना आहे. तेथेही इंजिन ठरावीक मुदतीने पार सुटे होते आणि पुन्हा रुळांवर उभे राहते. इंजिन बनविणाऱ्याचा उत्साह संपला म्हणून रेल्वेने ते यार्डात गंजत ठेवले, असे कोणी ऐकले आहे काय?

मात्र याच परिसरात, दीपनगरच्या क्वार्टरमध्ये काय किंवा जळगाव-धुळ्याच्या बंगल्यांत काय, दहा वर्षांचा चांगला संगणक पलंगाखाली धूळ खात पडलेला दिसतो आणि दिवाळीच्या साफसफाईत किलोच्या भावाने भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. टर्बाइनला जो न्याय, तो संगणकाला नाही. त्याची दुरुस्ती म्हणजे नवा घेणे, असे आपल्या मनाने केव्हा ठरविले ते आपल्यालाही आठवणार नाही.

या मनोवृत्तीवर उतारा गेली पस्तीस वर्षे उपलब्ध आहे. १९९१च्या ऑगस्टमध्ये लिनस टोरव्हाल्ड्स या हेलसिंकीतील एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तिचा गाभा म्हणजे लिनक्स. त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, सुधारता येते, दुसऱ्याला देता येते. म्हणून तिला मुक्तस्रोत म्हणावयाचे. या गाभ्याभोवती डेबियन, उबंटू, मिंट अशा अनेक प्रणाली उभ्या राहिल्या. चेन्नईच्या सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ अर्थात भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स ही डेबियनच्याच कुळातली. जगातील पहिले पाचशे महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून झाडून सारे लिनक्सवर चालतात. तीच प्रणाली थोडी हलकी करून तुमच्या पलंगाखालच्या संगणकावरही चालते. माझ्या पाहण्यातील एका वाचनालयात कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि दोन जीबी रॅम असलेला, २००९ साली घेतलेला संगणक आहे. त्याची फिरती हार्ड डिस्क काढून लहानशी एसएसडी बसविली आणि मिंटची हलकी आवृत्ती घातली. ग्रंथांची नोंद, मराठी पत्रे, वर्गणीचा हिशेब ही कामे तो निमूटपणे करतो. नवीन यंत्र घेतले असते तर जी रक्कम लागली असती, तिची पुस्तके आली.

तथापि येथे जादू दाखविण्याचा हेतू नाही. दोन जीबी रॅमवर चार संकेतस्थळे एकदम उघडली की धाप लागते. आजची संकेतस्थळेच लठ्ठ झाली आहेत, त्याला प्रणाली काय करणार! ज्या दुकानाचा सारा व्यवहार टॅलीवर आहे, त्याला लिनक्सवर तीच टॅली सुखासुखी चालणार नाही. काही मुद्रक जुळत नाहीत. सरकारी कामांसाठी लागणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीच्या किल्ल्या कधी कधी हट्ट करतात. हे आधी सांगावे आणि मग संगणकाला हात लावावा. नाही तर पहिल्याच आठवड्यात ‘जुनेच बरे होते’ हे ऐकावे लागते आणि चांगल्या कल्पनेची बदनामी होते.

याहून खोल अशी एक अडचण आहे आणि तिच्याकडे मुक्तस्रोताचे उत्साही पुरस्कर्ते सहसा पाहत नाहीत. मुक्तस्रोत प्रणालीही यंत्रांना निवृत्त करतात. टोरव्हाल्ड्सने लिनक्स ज्या संगणकावर लिहिली, त्यात इंटेलचा ३८६ प्रोसेसर होता. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातून या ३८६चाच आधार काढण्यात आला. ज्या घरात मूल जन्मले त्या घराची चावी त्याच मुलाकडे उरली नाही! त्याउलट मोटोरोलाच्या ६८००० या कुळातील १९८०च्या दशकातले प्रोसेसर घ्या. अमिगा, अटारी अशा आज संग्रहालयात शोभणाऱ्या संगणकांत ते होते. त्यांचा आधार आजही लिनक्समध्ये शाबूत आहे. आणि इटॅनियम? इंटेल आणि एचपी यांनी २००१ मध्ये मोठ्या थाटात आणलेला, अतिशय महागडा प्रोसेसर. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ६.७ या आवृत्तीतून तो बाहेर पडला. सर्वांत तरुण आणि श्रीमंत असलेला आधी गेला, म्हातारा आणि गरीब टिकला.

असे का व्हावे? ६८००० कुळाला सांभाळणारी मूठभर माणसे आहेत. दर नव्या आवृत्तीच्या वेळी ती आपल्या जुन्या यंत्रावर तपासणी करतात, मोडले असेल ते दुरुस्त करून पाठवितात. त्यांना कोणी त्यासाठी नेमलेले नाही. ३८६साठी असे कोणी उरले नव्हते. इटॅनियमचे प्रवर्तकच निघून गेले. दीपनगरच्या संचाला जो नियम लागू आहे, तोच येथे आहे. पाना हातात धरणारा असेल तोवर यंत्र चालते.

आता हाच नियम आपल्या महाराष्ट्रातील एका शाळेला लावून पाहू. रायगड जिल्ह्यातील खैराट हे लहानसे खेडे. तेथील वीस-बावीस मुलांच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये ‘एक मूल एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. अमेरिकेतील एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टी यांची ही कल्पना. आपल्या केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ती नाकारली होती आणि त्या नकारात तथ्य होते. शिक्षक आणि वर्गखोल्यांचीच वानवा असताना लॅपटॉपवर पैसा का ओतावा, हा प्रश्न रास्तच होता. पण प्रत्यक्ष यंत्र मात्र विलक्षण होते. हिरवे-पांढरे, मुलांच्या हातून पडले तरी न मोडणारे, भर उन्हात पडदा वाचता येईल असे. आत एएमडी कंपनीचा जिओड हा ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, साठवणीला अवघी एक जीबी जागा. प्रणाली अर्थातच लिनक्स. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनी खैराटच्या मुलांसमवेत काम केले. खेड्यातली मुले त्या यंत्रावर लिहू लागली, चित्रे काढू लागली, एकमेकांशी बोलू लागली.

हा जिओड प्रोसेसर मोठा विचित्र प्राणी. तो बहुतांशी इंटेलच्या ६८६ वर्गातला, परंतु त्या वर्गातील एक आज्ञा त्याला समजत नाही. आणि ती आज्ञा कोणती? ‘काही करू नकोस, एक पाऊल पुढे सरक’ एवढाच तिचा अर्थ! नव्या आज्ञावल्या तयार करताना ही आज्ञा सर्रास वापरली जाते. जून २०२३ मध्ये डेबियनची बारावी आवृत्ती आली, तिने ती आज्ञा अनिवार्य मानली आणि जिओड त्या दिवशी वगळला गेला. एका रिकाम्या आज्ञेसाठी एक संपूर्ण यंत्रजात दाराबाहेर. डेबियनच्या मंडळींवर रागावण्यात अर्थ नाही. ती सारी स्वयंसेवी माणसे. ज्या यंत्राची बाजू मांडायला कोणी येत नाही, त्याचे ओझे त्यांनी किती काळ वाहावे? प्रश्न असा की, हे यंत्र ज्यांच्या मुलांच्या हातात होते अशा देशांतून त्या चर्चेत कोण उभे राहिले? संगणक अभियंत्यांची सर्वांत मोठी फौज आपल्याकडे आहे असे आपण अभिमानाने सांगतो. त्या फौजेतले चारजण त्या टेबलाशी बसले असते, तर पुष्कळ झाले असते.

स्वदेशीचा विचार मांडणाऱ्यांसाठी खरा धडा येथे आहे. १९९१ हे वर्ष मोठे गमतीचे. त्या वर्षी लिनक्स जन्मले. त्याच वर्षी श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने नागपूरला स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली. आणि त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक देशाला दिला. अमेरिकेने प्रगत महासंगणक देण्यास नकार दिला, म्हणून १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली, हा इतिहास या पानांच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. त्यातील एक तपशील मात्र फारसा सांगितला जात नाही. ‘परम’मध्ये ट्रान्सप्युटर नावाच्या ब्रिटिश चिप वापरल्या होत्या. पुढे काही वर्षांत ट्रान्सप्युटरच बाजारातून नाहीसे झाले. सी-डॅक थांबली नाही. तिने पुढच्या पिढीसाठी वेगळे प्रोसेसर निवडले. चिप परक्याची होती, पण त्या जोडून महासंगणक कसा करावा ही विद्या आपली झाली होती, म्हणूनच मार्ग बदलता आला. सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी राष्ट्राला अर्पण केलेले ‘परम रुद्र’ हे त्याच वाटेवरचे.

परावलंबन आजही सैद्धांतिक राहिलेले नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या गुजरातेत तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या कंपनीवर निर्बंध घातले, कारण तिच्यात रशियन भागीदारी आहे. भारताच्या कायद्याने तिने काहीही गैर केले नव्हते. तरी मायक्रोसॉफ्टने तिच्या टपाल आणि इतर सेवा थांबविल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. मग काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. पैसे भरलेले, करार झालेला, कारखाना भारतात, आणि कळ मात्र परदेशी बोटाखाली. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये आपल्या संगणकांसाठी उबंटूवर बेतलेली ‘माया’ ही प्रणाली स्वीकारण्याचे ठरविले, त्यामागची चिंता यावरून ध्यानी यावी.

हे सारे दिल्ली-पुण्याचे झाले. आपल्या घरचे काय? येथे थोडे कटू बोलणे भाग आहे. स्वदेशीवर तासभर बौद्धिक देणाऱ्या कार्यकर्त्याच्या लॅपटॉपमध्ये विदेशी प्रणालीची चोरीची प्रत असते आणि त्यात कोणाला विसंगती दिसत नाही. आपल्या कित्येक शाळांत, पतपेढ्यांत, कार्यालयांत ‘मुलाकडून टाकून घेतलेली’ विंडोज असते. चोरीच्या प्रतीने त्या कंपनीचे काहीही बिघडत नाही. उलट तिचीच सवय फुकटात पसरते. आणि मुक्तस्रोताचा प्रचार करताना आपण तरी काय म्हणतो? ‘फुकट आहे, घ्या!’ मुक्त आणि फुकट यांतले अंतर अन्नछत्र आणि सहभोजन यांतल्या अंतराएवढे आहे. सहभोजनात पंगतीला बसणाऱ्याने कधी तरी वाढायलाही उठायचे असते. केरळने आपल्या सरकारी शाळा मुक्तस्रोत प्रणालीवर आणल्या. तेथील राज्यकर्त्यांशी आपले वैचारिक वैर जगजाहीर आहे. परंतु सरकारे बदलली तरी त्यांनी ते धोरण बदलले नाही. शिक्षकांना शिकविले, प्रणाली आपल्या भाषेत आणली, तिची देखभाल करणारी संस्था उभी केली. चांगले ते चांगले म्हणावे.

भाषेचा प्रश्न तर या विषयाच्या पोटातच आहे. १९८०च्या दशकात संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटविण्यासाठी ‘जिस्ट’ नावाचे वेगळे कार्ड आत बसवावे लागे. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले आणि मोहन तांबे यांच्या परिश्रमांनी पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले हे तंत्र त्या काळात केवढा मोठा आधार होते! पुढे निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट आले. प्रत्येकाचा संकेत वेगळा. आज त्या काळातील संस्थांची इतिवृत्ते, स्मरणिका, हस्तलिखितांच्या टंकित प्रती जुन्या संगणकांत अडकून पडल्या आहेत. नव्या यंत्रावर फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. लिनक्सवर युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कळफलक वेगळे काही न घालता मिळतो. रेड हॅटच्या पुणे येथील चमूने सांभाळलेल्या ‘लोहित’ फाँटमुळे अक्षरेही नीट दिसतात. म्हणून जुना संगणक पुसण्याआधी त्यातील मराठी मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. हे काम भंगारवाला करणार नाही आणि मायक्रोसॉफ्टही करणार नाही.

संघशताब्दीनिमित्त जी पंच परिवर्तने आपल्यापुढे ठेवली गेली, त्यांत पर्यावरण आहे आणि स्वबोधही आहे. वृक्षारोपण आणि स्वदेशी साबण यांच्या पलीकडे हे विषय जावेत. टाकलेल्या संगणकात शिसे असते, इतर विषारी धातू असतात. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण हातगाडीपर्यंत ते पोहोचलेले दिसत नाहीत. एखाद्या वस्तीत महिन्यातून एक रविवार असा का ठरू नये की, ज्याच्या घरी जुना संगणक असेल त्याने तो आणावा, दोन अभियांत्रिकीच्या मुलांनी तो उघडावा, धूळ झाडावी, प्रणाली घालावी आणि कंत्राटी कामगाराच्या दहावीतल्या मुलीच्या घरी तो पोहोचवावा? भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंतीचा दिवस राष्ट्रीय श्रम दिन म्हणून पाळतो. यंत्र सुधारून देण्याइतकी त्या दिवसाला साजेशी दुसरी पूजा कोणती? त्या दोन मुलांपैकी एखाद्याला मात्र पुढचे पाऊल शिकवावे. यंत्रावर काय चालले नाही ते नीट लिहून त्या प्रणालीच्या देखभाल करणाऱ्यांना कळविणे, जमल्यास दुरुस्ती करून पाठविणे. खैराटच्या यंत्राला नेमका हाच माणूस मिळाला नाही.

आणि उद्याच्या यंत्रांना तो लागणारच आहे. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे आपले प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर उभे आहेत. जगाच्या बाजारात आज ते कोपऱ्यातले, दुर्मीळ यंत्र. पंधरा वर्षांनी ते जुनेही होतील. त्यांची बाजू मांडायला त्या वेळी अमेरिका येणार नाही.

डेबियनची तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. रिस्क-फाइव्हला अधिकृत स्थान देणारी ही तिची पहिली आवृत्ती. त्याच आवृत्तीने जुन्या ३२-बिट संगणकांवर नव्याने प्रणाली बसविण्याची सोय बंद केली. ज्यांच्या घरी २००६च्या आसपासचा असा ३२-बिट संगणक आहे, त्यांनी बारावी आवृत्ती घालावी. तिची दीर्घकालीन देखभाल जून २०२८ पर्यंत ठरलेली आहे. ६४-बिट संगणकाला ही अडचण नाही. आपला कोणता, हे कळण्यासाठी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक एकदा सुरू करून पाहावा; आतले काहीही पुसले जात नाही आणि दहा मिनिटांत उत्तर मिळते.